आर पॅकेजची क्रॅन भांडारासाठी तयारी

क्रॅन हे ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसाठी लिहिलेल्या पॅकेजांचे सार्वजनिक भांडार आहे. विशिष्ट कामासाठी लिहिलेली फंक्शने, त्यांना लागणारा विदा आणि त्यांच्या वापराची माहितीपत्रके एका ठरावीक साच्यात एकत्र बांधली म्हणजे पॅकेज तयार होते. असे पॅकेज लेखकाच्या संगणकावर व्यवस्थित चालत असले, तरी ते भांडारात दाखल होण्याजोगे असतेच असे नाही. ते अनोळखी संगणकावर, वेगळ्या कार्यप्रणालीवर आणि वेगळी भाषा व वेगळी वेळ असलेल्या प्रदेशातही तसेच चालले पाहिजे. त्याचा परवाना स्पष्ट असला पाहिजे आणि त्याची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती सदैव संपर्कात राहिली पाहिजे. या अटींच्या पूर्ततेसाठी करावी लागणारी तयारी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्पष्टीकरणाच्या सोयीसाठी रायगड जिल्ह्यातील रेवस बंदराच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर आधारलेले एक कल्पित पॅकेज उदाहरण म्हणून घेतले आहे.

पार्श्वभूमी

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी आर भाषा घडविली. बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली ‘एस’ ही भाषा तिचा नमुना होती. १९९५ मध्ये आर भाषा जीपीएल परवान्याखाली मुक्त करण्यात आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. दरम्यान एप्रिल १९९७ मध्ये व्हिएन्ना येथील कुर्ट हॉर्निक व फ्रिडरिश लाइश यांनी क्रॅनची घोषणा केली होती. टेक प्रणालीसाठी सीटॅन आणि पर्ल भाषेसाठी सीपॅन ही भांडारे तत्पूर्वीच अस्तित्वात होती, त्यांच्याच धर्तीवर हे नाव पडले. आरंभी तेथे अवघी १२ पॅकेजे होती. पुढे ही संख्या २०,००० च्या वर गेली. भांडाराचे मुख्य केंद्र आजही व्हिएन्नामध्येच असून जगभर त्याच्या प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. भारतात भुवनेश्वर येथील नायसर या संस्थेत अशी एक प्रतिकृती आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ हा प्रकल्प महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये आर भाषेचा प्रसार करतो.

भांडारात आलेली पॅकेजे तपासण्याचे काम मोजक्या व्यक्ती करतात, आणि त्यांतील बराच भाग स्वयंसेवी वृत्तीने चालतो. पुढे वर्णिलेल्या नियमांपैकी बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे. तपासणाऱ्याचा वेळ थोडा व पॅकेजे फार, तेव्हा जे काम लेखक स्वतः करू शकतो ते त्याने सादरीकरणापूर्वीच उरकलेले असावे, अशी अपेक्षा ठेवली जाते.

रेवसचे उदाहरण

रेवस हे अलिबाग तालुक्यातील बंदर धरमतर खाडीच्या मुखाशी वसले असून खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथे प्रवासी लाँच येते. किनाऱ्यालगत गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लावणे अवघड होते. त्यामुळे भरतीची वेळ आणि पाण्याची उंची हा येथील प्रवासी, कोळी व लाँचवाले अशा सर्वांच्याच नित्याच्या गरजेचा विषय आहे. मुंबई परिसरात दिवसातून दोनदा भरती येते. लागोपाठच्या दोन भरतींमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जाऊ शकतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने पाण्याच्या उंचीच्या तासागणिक नोंदींवरून पुढील भरतीचा अंदाज वर्तविणारी फंक्शने लिहिली. भरतीचे गणित ठाऊक असलेल्या वाचकास हे काम परिचित वाटेल. चंद्रामुळे उद्भवणारा १२.४२ तासांचा मुख्य घटक, सूर्यामुळे उद्भवणारा १२ तासांचा घटक आणि दिवसातून एकदा आवर्तन पूर्ण करणारे काही घटक यांची बेरीज करून पाण्याची पातळी काढतात. पहिल्या दोन घटकांचा मेळ बसला म्हणजे उधाण आणि बिनसला म्हणजे भांग. हे दोन घटक एकमेकांपासून वेगळे ओळखण्यासाठी किमान १४.७७ दिवसांच्या सलग नोंदी लागतात. पॅकेजसोबत द्यावयाचा नमुना किती मोठा असावा हा प्रश्न, म्हणजे, विषयाच्या गणितातूनच सुटतो. पंधरा दिवसांच्या ३६० नोंदी चाचणीस पुरतात आणि पूर्ण वर्षाच्या ८,७६० नोंदीही फारशी जागा अडवीत नाहीत. भांडाराच्या धोरणानुसार विदा व दस्तऐवज यांपैकी प्रत्येकाचा आकार सर्वसाधारणपणे पाच मेगाबाइटच्या आत असावा लागतो.

भरतीचे गणित करणारी पॅकेजे क्रॅनवर आधीपासून आहेत. ‘टाइडहार्मोनिक्स’ हे त्यांपैकी एक. म्हणून नवे पॅकेज लिहिण्यापूर्वी जुन्यांचा शोध घेणे आणि आपल्या कामात वेगळे काय आहे हे एका वाक्यात सांगता येते का ते पाहणे, ही तयारीची खरी पहिली पायरी होय. ते सांगता येत नसेल, तर जुन्या पॅकेजच्या लेखकास सुधारणा सुचविणे अधिक उपयोगाचे ठरते.

रचना व वर्णनपत्र

पॅकेजच्या मुळाशी ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. तिला वर्णनपत्र म्हणता येईल. पॅकेजचे नाव, आवृत्ती, शीर्षक, दोन-चार वाक्यांचे वर्णन, लेखक, परवाना आणि ज्यांवर ते अवलंबून आहे अशी अन्य पॅकेजे, यांची नोंद तिच्यात असते. ‘नेमस्पेस’ नावाच्या दुसऱ्या फाइलीत बाहेरच्या वापरकर्त्यास कोणती फंक्शने खुली आहेत ते नोंदवितात. याखेरीज फंक्शनांसाठी एक, माहितीपत्रकांसाठी एक आणि गरजेनुसार विदा, चाचण्या व विस्तृत लेख यांसाठी स्वतंत्र फोल्डर असतात.

पॅकेजचे नाव रोमन अक्षरे, अंक व टिंब एवढ्यांतूनच बनवावे लागते. त्याची सुरुवात अक्षराने व्हावी आणि शेवटी टिंब नसावे. लहान-मोठ्या लिपीतील फरक सोडून दिल्यास ते नाव क्रॅनवरील किंवा बायोकंडक्टर या जीवशास्त्रीय भांडारातील दुसऱ्या पॅकेजशी जुळता कामा नये. एकदा दिलेले नाव सहसा बदलता येत नाही. तेव्हा घाईने ठेवलेले नाव पुढे अनेक वर्षे लेखकाला आणि त्याच्या वाचकांना सोसावे लागते.

वर्णनातील भाषेकडे तपासनीस बारकाईने पाहतात. ‘हे पॅकेज’ अशी सुरुवात चालत नाही. अन्य संगणकप्रणालींची नावे एकेरी अवतरणचिन्हांत द्यावी लागतात, आणि पद्धती एखाद्या शोधनिबंधातून घेतली असल्यास लेखक, वर्ष व दुवा विहित पद्धतीने नोंदवावा लागतो. रेवस, धरमतर, करंजा यांसारखी नावे रोमन लिपीत लिहिल्यावर शब्दतपासनीस आज्ञावली त्यांना चुकीचे शब्द ठरविते. ती स्थलनामे असल्याचे सादरीकरणाच्या टिपणात कळविले म्हणजे पुरते. त्यासाठी नावे गाळण्याचे कारण नाही.

मराठी नावांच्या बाबतीत एक लहानशी अडचण येते. लेखकाची नोंद करताना स्वतःचे नाव आणि आडनाव असे दोनच रकाने वापरात आहेत. मधल्या नावाचा रकाना पूर्वी होता, तो आता वापरू नये असे सांगितले जाते. वडिलांचे किंवा पतीचे नाव द्यावयाचे असल्यास ते पहिल्याच रकान्यात जोडतात. प्रत्येक व्यक्तीपुढे तिची भूमिका लिहितात: लेखक, साहाय्यक, प्रताधिकारधारक, आणि यांपैकी एकच एक व्यक्ती देखभालकर्ता. दुसऱ्याची आज्ञावली उसनी घेतली असल्यास त्याचेही नाव येथे येणे बंधनकारक आहे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रकल्पांत ही गोष्ट फार सहज विसरली जाते.

विदा कोणाचा?

तयारीतील सर्वांत अवघड प्रश्न बहुधा आज्ञावलीचा नसतो, नोंदींच्या मालकीचा असतो. क्रॅनवर ठेवलेली वस्तू कोणालाही उतरवून घेता, बदलता व वाटता येते. म्हणून पॅकेजमधील प्रत्येक तक्ता तसा वाटण्याचा अधिकार लेखकाकडे असला पाहिजे. भारतीय बंदरांच्या भरतीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो. ती छापील पुस्तकात वाचावयास मिळतात, एवढ्यावरून ती पॅकेजमध्ये उतरवून मुक्त परवान्याखाली देण्याचा हक्क मिळत नाही. विद्यार्थ्याने स्वतः धक्क्यावर पट्टी लावून घेतलेल्या नोंदी मात्र त्याच्या स्वतःच्या असतात.

अशीच मर्यादा मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या बाबतीत आढळते. १९९२-९३ पासून चालत आलेल्या या सर्वेक्षणाच्या मूळ फाइली अभ्यासकांना नोंदणी करून मिळतात, परंतु त्या पुढे वाटण्याची मुभा नसते. अशा ठिकाणी पॅकेजमध्ये केवळ फाइल वाचणारी फंक्शने द्यावीत आणि नमुन्यासाठी कृत्रिम आकडे तयार करावेत. ते कृत्रिम आहेत हे माहितीपत्रकात ठळकपणे नोंदविणे आवश्यक असते. अन्यथा कोणीतरी ते खरे मानून निष्कर्ष काढतो. भारत सरकारच्या खुल्या विदा संकेतस्थळावरील सामग्रीसाठी २०१७ मध्ये अधिसूचित झालेला स्वतंत्र परवाना आहे. त्याखालील सामग्री श्रेयनिर्देश करून वापरता येते.

आज्ञावलीसाठी जीपीएल, एमआयटी यांसारख्या प्रस्थापित परवान्यांपैकी एक निवडावा. स्वतः रचलेला किंवा ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ अशा अटीचा परवाना घेतल्यास भांडारात प्रवेश मिळणे कठीण होते.

देवनागरी लिपीचे प्रश्न

मराठी मजकूर असलेल्या पॅकेजांना काही खास अडचणी येतात. इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांची चर्चा क्वचितच आढळत असल्याने येथे त्या विस्ताराने दिल्या आहेत.

पहिली अडचण जुन्या टंकांची. महाराष्ट्रातील अनेक कार्यालयांतील जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत आहेत. त्यांत पडद्यावर ‘रेवस’ दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची एक निरर्थक ओळ असते. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये बदलून, नजरेखालून घालून, मगच पॅकेजमध्ये घ्यावा. जोडाक्षरे आणि रफार यांत बदल करताना चुका राहतात.

दुसरी अडचण आज्ञावलीच्या मजकुराची. अन्य संगणकांवर चालावयाच्या पॅकेजमध्ये टिपण्या सोडून आज्ञावलीत केवळ मूळ रोमन चिन्हसंच वापरणे अपेक्षित असते. म्हणून ‘रेवस’ हा शब्द आज्ञावलीत थेट न लिहिता त्यातील चिन्हांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे ०९३०, ०९४७, ०९३५ व ०९३८, संकेतरूपाने लिहावे लागतात. या शब्दात मराठी वाचकास तीन अक्षरे दिसतात, पण मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असल्याने आर भाषा चार मोजते. नावांच्या लांबीवर अवलंबून असणारी फंक्शने यामुळे फसतात.

तिसरी बाब अंकांची. ‘४.२’ असा देवनागरी अंकांतील मजकूर संख्येत रूपांतरित करावयास सांगितल्यास आर भाषेस तो कळत नाही आणि ती ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर देते. देवनागरी अंकांत भरलेल्या नोंदवह्या वाचणाऱ्या पॅकेजने हे रूपांतर स्वतः केले पाहिजे व त्याची चाचणीही सोबत दिली पाहिजे.

माहितीपत्रकांच्या बाबतीत अडचण अधिक मोठी आहे. पॅकेज तपासताना त्यांची पीडीएफ पुस्तिका लाटेक प्रणालीने तयार केली जाते, आणि नेहमीच्या मांडणीत देवनागरी चिन्हे आली की ती प्रणाली अडते. वर्णनपत्रात माहितीपत्रकांची भाषा नोंदविण्यासाठी रकाना आहे खरा, पण व्यवहारात माहितीपत्रके इंग्रजीत ठेवून सविस्तर मराठी लेख संकेतपानाच्या स्वरूपात जोडणे हाच निर्वेध मार्ग आहे. वापरकर्त्यास दिसणारे त्रुटिसंदेश मूळ इंग्रजीत लिहून त्यांचे मराठी भाषांतर स्वतंत्र अनुवाद-फाइलीत देता येते. या सोयीचा उपयोग मराठी लेखकांनी अधिक करावयास हवा.

विंडोज प्रणालीवरील जुन्या आवृत्तींत देवनागरी अक्षरांऐवजी कंसांतील क्रमांक उमटत असत. एप्रिल २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून नव्या विंडोजवर यूटीएफ-८ हीच मूळ संकेतपद्धती झाल्याने हा त्रास बराच ओसरला आहे.

घड्याळाचा फरक

भरतीच्या पॅकेजमध्ये वेळ हाच गाभा असतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. रेवस येथे १२ जुलै रोजी पहाटे २ वाजता भरती आली, तर जागतिक वेळेनुसार ती ११ जुलैच्या रात्री ८.३० ची ठरते. वेळेचा प्रदेश न लिहिता नोंद वाचली, तर आर भाषा ज्या संगणकावर चालते तेथील वेळ गृहीत धरते. अलिबागमध्ये बरोबर आलेली तारीख युरोपात चुकते. आणखी एक गंमत अशी की, युरोपात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्य युरोपात पहाटे २ ते ३ हा तासच नसतो. त्या तासात रेवसला पाणी नेहमीप्रमाणे चढत-उतरत असले, तरी तेथील संगणकास ‘पहाटे २.३०’ ही वेळ अस्तित्वात नसल्याचे वाटते, आणि प्रणालीगणिक वेगवेगळे उत्तर येते. उपाय साधा आहे: प्रत्येक ठिकाणी ‘एशिया/कोलकाता’ हा वेळेचा प्रदेश स्पष्ट लिहावा. परंतु ही चूक लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर कधीच प्रकट होत नाही. चाचणी अन्यत्र का घ्यावी लागते, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

तपासणी

आर भाषेतच पॅकेज तपासण्याची आज्ञा आहे. प्रथम पॅकेज बांधून दाबलेली फाइल तयार करावी आणि त्या फाइलीवर क्रॅनची पद्धत लावून तपासणी चालवावी. निष्कर्ष तीन प्रकारचे असतात: त्रुटी, इशारा आणि टीप. पहिले दोन मुळीच राहता कामा नयेत. टिपाही शक्य तितक्या दूर कराव्यात. ‘नवे सादरीकरण’ अशी एक टीप मात्र पहिल्या वेळी अटळ असते. तपासणी आर भाषेच्या प्रसिद्ध आवृत्तीबरोबरच विकासाधीन आवृत्तीवरही करणे अपेक्षित आहे. स्वतःजवळ विंडोज नसलेल्यांसाठी ‘विन-बिल्डर’ ही विनामूल्य सेवा उपलब्ध आहे.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी मनुष्य तपासनीसाला दिसतात. प्रत्येक खुल्या फंक्शनच्या माहितीपत्रकात ते काय परत देते हे लिहिलेले असावे. उदाहरणे खरोखर चालणारी आणि काही सेकंदांत संपणारी असावीत. ‘चालवू नये’ अशी खूण करून ती झाकून ठेवणे तपासनीसांना आवडत नाही. पॅकेजने वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात त्याच्या अनुमतीवाचून काही लिहू नये, तात्पुरत्या जागेतच लिहावे. आलेखाची किंवा इतर मांडणी बदलल्यास ती पूर्ववत करून द्यावी. पाहुण्याने यजमानाच्या घरात वागावे तसे पॅकेजने दुसऱ्याच्या संगणकात वागावे, असे या नियमांचे थोडक्यात स्वरूप आहे. तपासणीच्या वेळी दोनपेक्षा अधिक संगणक-गाभे वापरण्यासही मनाई आहे.

महाजालावरून नोंदी आणणाऱ्या फंक्शनांनी संकेतस्थळ बंद असल्यास त्रुटी न देता सौम्य संदेश देऊन थांबले पाहिजे. भारतीय लेखकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथील काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत.

सादरीकरण आणि त्यानंतर

तयार फाइल क्रॅनच्या अर्जपृष्ठावरून पाठवितात. देखभालकर्त्याच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून होकार दिल्याशिवाय ती पुढे जात नाही. त्यानंतर विंडोज व डेबियन या प्रणालींवर आपोआप तपासणी होते आणि नव्या पॅकेजच्या बाबतीत मनुष्याकडूनही पाहणी होते. पहिल्या खेपेस परत येणे ही नित्याची बाब आहे. सांगितलेल्या सुधारणा करून, आवृत्तीचा क्रमांक वाढवून व काय बदलले ते टिपणात लिहून पॅकेज पुन्हा पाठवावे. तपासनीसांची पत्रे अत्यंत त्रोटक असतात. नवख्या विद्यार्थ्यांना ती कठोर वाटतात. वस्तुतः तो वेळेच्या टंचाईचा परिणाम असतो. उन्हाळ्यात व वर्षअखेरीस भांडार काही काळ सादरीकरणे स्वीकारीत नाही, हे ध्यानात घेऊन प्रकल्पाच्या तारखा ठरवाव्यात. स्वीकृत पॅकेजच्या सुधारित आवृत्त्याही महिना-दोन महिन्यांत एकदाहून अधिक पाठवू नयेत अशी अपेक्षा असते.

स्वीकृतीनंतर देखभालीचे दायित्व सुरू होते. क्रॅनवरील पॅकेजे नियमितपणे पुनःपुन्हा तपासली जातात. आर भाषेत किंवा आधारभूत पॅकेजमध्ये बदल झाल्याने एखादे पॅकेज मोडले, तर देखभालकर्त्यास मुदत घालून कळविले जाते. उत्तर न आल्यास पॅकेज संग्रहात टाकले जाते, म्हणजे जुन्या आवृत्त्या पाहता येतात पण ते नेहमीच्या मार्गाने बसविता येत नाही. विद्यार्थी-लेखकांचा घात बहुधा येथेच होतो. महाविद्यालयाने दिलेला ईमेल पत्ता पदवीनंतर बंद पडतो, मुदतीचे पत्र कोणी वाचत नाही आणि पॅकेज निघून जाते. देखभालकर्ता बदलावयाचा झाल्यास जुन्या पत्त्यावरून संमती पाठवावी लागते, तीही तेव्हा शक्य नसते. म्हणून प्रारंभापासूनच टिकाऊ, व्यक्तिगत पत्ता द्यावा.

देखभालकर्त्याच्या जाण्याने काय घडू शकते हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसून आले. नकाशे व भूस्थानिक विदा हाताळणारी ‘आरजीडाल’, ‘आरजीओस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही दीर्घकाळ वापरात असलेली पॅकेजे, त्यांचे देखभालकर्ते रॉजर बिव्हंड हे निवृत्त झाल्यानंतर, क्रॅनच्या चालू यादीतून काढण्यात आली. त्याची सूचना बरीच आधी दिली गेली होती, आणि त्यांवर विसंबून असलेल्या लेखकांना ‘एसएफ’ व ‘टेरा’ या नव्या पॅकेजांकडे वळण्यासाठी अवधी मिळाला. ज्यांनी सूचना वाचल्या नाहीत, त्यांची पॅकेजे मोडली. रेवसच्या पॅकेजमध्ये किनाऱ्याचा नकाशा काढण्यासाठी अशा एखाद्या पॅकेजचा आधार घेतला असता, तर भरतीच्या गणितात काहीही दोष नसताना तेही बंद पडले असते. एका नकाशासाठी चार परक्या पॅकेजांचा भार घ्यावा की तो नकाशा वगळावा, हा निर्णय पहिल्या सादरीकरणापूर्वीच घ्यावयाचा असतो.